जिन्यात बोलायची मराठी

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि रंगनाथ पठारे समितीने २०१३ साली दिलेल्या अहवालाला अकरा वर्षांनी फळ आले. पेढे वाटले गेले. पुढच्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावे साहित्य संमेलन थाटात पार पडले. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला, त्यावर रान उठले आणि २९ जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. जुलैत मीरा रोडला मोर्चे निघाले, त्याआधी दुकानेही बंद राहिली. मराठी बोला, मराठीतच बोला, महाराष्ट्रात राहायचे तर मराठी आलीच पाहिजे, हा घोष त्या सबंध वर्षात कानावर पडत राहिला.

या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी कोणाला विचारला नाही. मराठी बोला म्हणजे नेमकी कोणती मराठी बोला?

खोडसाळपणा म्हणून मी हे विचारत नाही. परप्रांतीय दुकानदाराने मराठी बोलावे म्हणून आपण हमरीतुमरीवर येतो. पण ज्याची मायबोली मराठी आहे, ज्याच्या सात पिढ्यांनी दुसरी भाषा बोलली नाही, असा वाशीमचा, हिंगोलीचा, शहाद्याचा किंवा कुडाळचा माणूस आपली मराठी बोलताना इकडे-तिकडे बघून घेतो, त्याची दखल कोण घेणार?

पुण्यात सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी हजारो मुले-मुली कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार कॉट, चार पेट्या, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. दिवसभर अभ्यासिका, दोन वेळा मेसचा डबा. रात्री नऊ-साडेनऊला घरून फोन येतो. मित्राचा फोन असेल तर मुलगा कॉटवर लोळतच बोलतो. क्लासचा फोन असेल तर टेबलाशी बसून बोलतो. आईचा फोन आला की उठतो, पायात चपला सरकवतो आणि जिन्यात जातो. खोलीतल्यांना त्रास नको, हे कारण असतेच. पण तेवढेच ते नसते. आईशी बोलताना तोंडून 'मले', 'तुले', 'कायले' येणार. आई लातूरकडची असेल तर ती 'काय करलालास?' असे विचारणार आणि त्याचे उत्तर त्याच चालीवर जाणार. ते खोलीतल्या नाशिकच्या आणि साताऱ्याच्या मुलांनी ऐकू नये. गंमत अशी की साताऱ्याचा मुलगाही आपल्या आईशी बोलायला गच्चीवर जात असतो.

हसणारे दुष्ट नसतात, हेही सांगायला हवे. 'आनि-पानी-लोनी' म्हणून चिडवणारे पोरगे उद्या त्याच मित्रासाठी रात्रभर दवाखान्यात बसेल. वऱ्हाडातल्या मुलीने 'शाया' म्हटले, 'डोया' म्हटले की मैत्रिणी म्हणतात, ''अगं, किती गोड! परत म्हण ना!'' ती एकदा म्हणते, दुसऱ्यांदा म्हणते, तिसऱ्यांदा शब्द गिळते. कोल्हापूरकडची मुलगी सवयीने 'मी येतो' म्हणते आणि वर्ग खदखदतो. तिच्या गावात सगळ्या बायका तसेच बोलतात, हे तिला वर्गाला समजावून सांगता येत नाही, कारण समजावण्यासाठी पुन्हा बोलावेच लागणार. मग ती कमी बोलू लागते. वर्गात हात वर करत नाही. शंका असली तर मैत्रिणीच्या वहीत बघते. शिक्षक शेरा मारतात, 'हुशार आहे, पण बुजरी आहे.'

हेल हा लहानपणी कानांतून आत गेलेला असतो. शब्द बदलता येतात, 'मले'चे 'मला' आठवडाभरात करता येते. पण वाक्याच्या शेवटी आवाज कुठे चढवायचा, कुठे लांबवायचा, कोणत्या अक्षरावर टेकायचे, हे वयाच्या विसाव्या वर्षी नव्याने बसवायला गेले की माणूस बोलता बोलता स्वतःवर पहारा ठेवू लागतो. ज्याचे अर्धे लक्ष पहाऱ्यावर, त्याला मुलाखतीत नेमके उत्तर कसे सुचावे?

ज्या मापाने हे सगळे मोजले जाते, ते माप आले कोठून, हे एकदा पाहायला हवे. १८१८ साली पेशवाई बुडाली. नव्या राजवटीला शाळांसाठी पुस्तके हवी होती, कचेरीसाठी कोश आणि व्याकरण हवे होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शास्त्रीमंडळींच्या मदतीने १८३१ साली निघाला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले. मुंबई इलाख्याच्या शाळाखात्यात पुण्याकडची शिष्ट बोली पुस्तकात बसली आणि पुस्तकात बसली म्हणून प्रमाण ठरली. त्या वेळी वऱ्हाड निजामाकडे होता, नागपूर भोसल्यांकडे होते आणि मराठवाडा तर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात उर्दूच्या अंमलाखाली राहिला. वऱ्हाड आणि नागपूर पुढे मध्य प्रांताला जोडले गेले, तिथे हिंदीचा शेजार मिळाला. आज आपण ज्याला महाराष्ट्र म्हणतो तो १ मे १९६० रोजी एकत्र आला. म्हणजे भाषेची पंगत बसली तेव्हा निम्मे घर बाहेरगावी होते. ते परतले तेव्हा पाने वाढून झाली होती.

यात पुणेकरांना शिव्या देण्यासारखे काही नाही. कोठली तरी एक बोली पुस्तकात बसणारच होती; राजधानी लातूरला असती तर आज सदाशिव पेठेतली मुले 'करलालोय' घोकत बसली असती. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. कोकणातून देशावर आलेल्या चित्पावनांची घरची बोली वेगळी होती. ग्रीअर्सनच्या भाषिक पाहणीत तिची स्वतंत्र नोंद आहे. पुण्यात आल्यावर हळूहळू ती त्यांनी मागे टाकली. तेव्हा आपल्या आजीची बोली दाराबाहेर ठेवून आत येण्याचा हा रिवाज ज्यांच्या नावावर मोडतो, त्यांनी स्वतःही तो पाळलेला आहे.

आता त्या बिचाऱ्या 'ण'कडे वळू, कारण सगळा घोळ त्याच्यापाशी येऊन अडतो. अभिजात दर्जासाठी मराठीच्या प्राचीनत्वाचा जो पुरावा आपण मांडला, त्यात सातवाहन राजा हालाच्या 'गाथासप्तशती'ला मानाचे स्थान आहे. ती महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि या प्राकृताचा एक ठळक नियम असा की संस्कृतातल्या 'न'चा सरसकट 'ण' होतो. नयनचे णअण, नगरचे णअर, नदीची णई. हाल राजा आज पुण्यात अवतरला आणि लकडी पुलावर उभा राहून 'णई' म्हणाला, तर त्याला कोणीतरी 'नदी म्हण, नदी' असे सांगून दुरुस्त करील. ज्याच्या जोरावर आपण अभिजात झालो, त्याचाच उच्चार आपल्या परीक्षेत नापास. 'न' आणि 'ण' हे या भूमीवर दोन हजार वर्षे जागा बदलत आले आहेत. आज वाशीमच्या मुलाच्या तोंडी 'न' आहे, इतकेच.

दुसरा पुरावा लीळाचरित्राचा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी जमवून हा ग्रंथ सिद्ध केला तो रिद्धपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. चक्रधरांमागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडे एक विद्वान शिष्य संस्कृतात रचना करण्याची परवानगी मागायला गेला, तेव्हा आचार्यांनी त्याला अडवले. पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही आणि त्या धर्माला मुकतील, ही त्यांची काळजी होती. मराठी भाषेचे पहिले विद्यापीठ अलीकडे रिद्धपूरलाच स्थापन झाले, हे फार योग्य झाले. त्या परिसरातल्या म्हाताऱ्या बाया आजही 'डोया' म्हणतात.

विद्यापीठांचा विषय निघाला आहे तर आणखी दोन नावे घेतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. लेवा बोलीत त्यांनी रचलेल्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांच्या आग्रहाने १९५२ साली पुस्तक निघाले. बहिणाबाई त्याआधी, १९५१ च्या डिसेंबरात गेल्या होत्या. अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबांनी आयुष्यभर वऱ्हाडीत कीर्तन केले, मुंबईतही वऱ्हाडीतच केले आणि मुंबईच्या गिरणगावाला त्यातले अक्षर न् अक्षर कळले. या दोघांच्या नावाने निघणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी जी मुले तोंडी परीक्षेला बसतात, त्यांनी बहिणाबाईंच्या किंवा बाबांच्या बोलीत उत्तर दिले तर परीक्षकांच्या चेहऱ्यावर काय उमटेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

याचे मूळ एका शब्दात आहे, असे मला वाटते. वेगळ्या उच्चाराला आपण वेगळा म्हणत नाही, 'अशुद्ध' म्हणतो. 'शुद्ध बोल' असे मुलाला दटावतो. शुद्ध-अशुद्ध हे शब्द सोवळ्या-ओवळ्याच्या घरातले आहेत. पाणी अशुद्ध होते, स्वयंपाक बाटतो, तशी भाषाही बाटते, असा त्यामागचा भाव. आणि मग एकाच गावात वाड्यातली मराठी शुद्ध, मळ्यातली जरा कमी, वेशीबाहेरची सगळ्यात अशुद्ध, अशी उतरंड आपोआप लागते. हेलावरून गाव ओळखण्याच्या निमित्ताने पुष्कळदा जात ओळखली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, तेव्हा अनेकांना धक्का बसला तो आशयाचा होता तसाच भाषेचाही होता.

आम्ही कादंबरीकार मंडळी याबाबतीत फार धुतल्या तांदळासारखी नाही. ग्रामीण कादंबऱ्या उघडून पाहा. पात्रे अस्सल बोलीत बोलतात, पण अवतरणचिन्हांच्या आत. चिन्ह मिटले की निवेदक येतो आणि तो बहुधा प्रमाण मराठीत सूर्योदयाचे वर्णन करतो. बोलीला घरात घेतले, पण ओसरीपर्यंत. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (१९६०) वऱ्हाडी वाचताना कोठेही सजावट वाटत नाही, ही त्यांची ताकद. 'कोसला'ने (१९६३) तर निवेदकालाच बोलते केले. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याच्या वसतिगृहात आलेला पांडुरंग सांगवीकर हा मराठीतला सर्वांत प्रसिद्ध कॉट बेसिसवाला म्हणायला हरकत नाही.

रंगभूमीवर 'वस्त्रहरण'ने १९८० पासून पाच हजारांहून अधिक प्रयोग करून मालवणी घरोघर नेली. २०१६ साली 'सैराट'ने करमाळ्याकडची भाषा डोक्यावर घ्यायला लावली. त्याच सुमारास दूरचित्रवाणीवर 'रात्रीस खेळ चाले'ने मालवणी, 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापुरी आणि पुढे 'लागिरं झालं जी'ने सातारी दिवाणखान्यात आणली. हे चांगलेच झाले. पण एक निरीक्षण नोंदवतो. मालिकेत बोली बोलणारा माणूस प्रेम करतो, कुस्ती खेळतो, खून करतो, भुताला घाबरतो. न्यायाधीश, शल्यविशारद किंवा कुलगुरू झाला की तो प्रमाण बोलू लागतो. बोलीला आपण कौतुक दिले, अधिकार दिला नाही.

अधिकाराचा मुद्दा मला बँकेच्या नोकरीत फार जवळून दिसला. बदल्यांच्या निमित्ताने महाराष्ट्राच्या चारही कोपऱ्यांतली मराठी काउंटरच्या अलीकडून ऐकायला मिळाली. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढे आमच्या शाखांमध्ये बायका येऊ लागल्या. विदर्भातल्या एका शाखेत एका गटाची सचिव कर्जासाठी आली, बरोबर दहावीतला पुतण्या. ती खुर्चीच्या टोकावर बसून राहिली, बोलला पुतण्या. गटाला शेळ्या घ्यायच्या आहेत, असे त्याने सांगितले. बँक शेळ्यांना पैसे देते, हे त्याने कोठेतरी ऐकले होते. बाई मान हलवत होती, ती हो म्हणून की नाही म्हणून, कळेना. आठवड्याने फील्ड ऑफिसरला घेऊन मी गावी गेलो. लिंबाखाली गटाची बैठक चालू होती आणि हीच बाई पंधरा जणींना हिशेब समजावत होती. गटाला शेळ्या नकोच होत्या. पिठाची चक्की हवी होती. मोटर किती हॉर्सपॉवरची लागेल, मीटर कोणाच्या नावावर घ्यायचा, महिन्याला किती पायल्या दळण येईल, शेजारच्या गावातल्या चक्कीवाल्याचे किती गिऱ्हाईक तुटेल, हे तिने एका दमात सांगितले. तेवढा नेमका प्रकल्प अहवाल आमच्या शाखेत क्वचितच आला असेल. मी विचारले, ''त्या दिवशी बँकेत का नाही बोललात?'' ती हसली, पदर नीट केला आणि म्हणाली, ''तुमच्या ब्यांकेत सुद्द बोला लागते ना, साहेब.''

चक्की झाली, कर्जही फिटले. पण ज्या गटांच्या गावी कोणी गेले नसेल, त्यांना नको असलेल्या शेळ्या मिळाल्या असतील. तलाठ्याच्या चावडीवर, सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत, न्यायालयाच्या पिंजऱ्यात हेच चालते. पोटात कुठे दुखते हे आपल्या शब्दांत सांगायला लाजणारी बाई डॉक्टरला अर्धेच सांगते. आणि डॉक्टर अर्ध्यावर औषध देतो.

आणखी एक प्रसंग. मराठवाड्यातले एक सहकारी कामाला वाघ होते, वसुलीला गेले की हात हलवत परत येत नसत. बढतीच्या मुलाखतीची तयारी करताना ते सगळी उत्तरे इंग्रजीत पाठ करत होते. इंग्रजी बेताची. मी म्हटले, मराठीत उत्तर द्यायला परवानगी आहे, मराठीत द्या. ते म्हणाले, ''इंग्लिश चुकली तर सायब म्हणतेत, प्रयत्न करलालाय. मराठी चुकली तर म्हणतेत, खेड्यातला आहे.''

या एका वाक्यात मला जे म्हणायचे आहे ते सगळे आले. आपली अशी समजूत असते की बोलीला हसले की माणूस प्रमाण मराठीकडे येईल. चार जण येतातही. पण पुष्कळसे प्रमाण मराठीकडे येत नाहीत; ते मराठीतूनच बाहेर पडतात. ज्या भाषेत आपण कायम दुय्यम ठरणार, त्या भाषेत कशाला झटायचे? इंग्रजीत सगळेच नवखे, तिथे लातूर आणि डेक्कन जिमखाना एका रांगेत. हिंदीत तर चुकले तरी कोणी मनावर घेत नाही. नागपुरात दोन मराठी माणसे अनोळखी असली की संभाषण हिंदीत सुरू होते आणि बरेचदा हिंदीतच संपते, हे तिथे राहिलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. त्याला मध्य प्रांताचा इतिहास आहे, बाजारपेठेची सवय आहे, हे खरे. पण 'काय करून राहिला' म्हटल्यावर पुण्यात होणारे हसू टाळण्याची सोयही त्यात आहे. अकोल्याला, जळगावला, नांदेडला मी अशी घरे पाहिली आहेत की आई-बाप आपसात बोलीत बोलतात आणि लेकराकडे वळले की हिंदीत किंवा तुटक्या इंग्रजीत बोलतात. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले, ''आमच्यासारखी भाषा त्याला नको लागायला.'' लागणे हा शब्द आपण व्यसनासाठी आणि रोगासाठी वापरतो.

तेव्हा पहिलीच्या वर्गात हिंदी आली काय किंवा न आली काय, या घरांतून मराठी आधीच निघालेली आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. आकडा मोठा आहे. त्यातले किती जण मोकळ्या आवाजात बोलतात, हे जनगणना विचारत नाही.

जगातही हेच चालले आहे. कॉल सेंटरमधल्या आपल्या मुलांना एके काळी अमेरिकी उच्चारांचे क्लास लावले जात. आता तो खर्चही वाचतो आहे. अमेरिकेतल्या सानास नावाच्या कंपनीने असे सॉफ्टवेअर काढले आहे की बोलणारा भारतीय हेलात बोलतो आणि ऐकणाऱ्याला त्याच क्षणी तो हेल पुसून टाकलेला आवाज ऐकू येतो. टेलिपरफॉर्मन्स ही फ्रान्सची बडी कंपनी भारतातल्या कर्मचाऱ्यांसाठी ते वापरू लागल्याचे २०२५ च्या आरंभी जाहीर झाले. वाचून अनेकांना संताप आला. मला त्या यंत्राचे फारसे नवल वाटले नाही. ते यंत्र आपल्याकडे प्रत्येक वसतिगृहात वीजेशिवाय चालते आहे. त्याच फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहाने २०२० च्या नोव्हेंबरात उच्चाराच्या ढबीवरून भेदभाव करणे हा गुन्हा ठरवणारे विधेयक संमत केले होते. पॅरिसच्या उच्चारांपुढे दक्षिणेकडच्या माणसांनी किती सोसले असेल, याची त्यावरून कल्पना येते. कायद्याने असले प्रश्न सुटतात, असे मात्र मला वाटत नाही.

प्रमाण मराठी नको, असे कोणी यातून काढू नये. नंदुरबारची परिचारिका आणि सावंतवाडीचा रुग्ण यांना एकमेकांचे कळायला हवे, औषधाच्या बाटलीवरची सूचना, सातबाऱ्यावरचा मजकूर, पाठ्यपुस्तक, कायदा सगळीकडे एकच असायला हवा. बोलीच्या प्रेमापोटी खेड्यातल्या पोरांना प्रमाण भाषा शिकवूच नये, असे म्हणणारे काही विद्वान अधूनमधून भेटतात. त्यांची स्वतःची मुले बहुधा परदेशात असतात. प्रमाण भाषा ही मुलाच्या हातातली जादा किल्ली आहे आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. पण लिहिण्याची भाषा आणि बोलण्याचा सूर या दोन गोष्टी आपण एकाच खुंटीला टांगल्या आहेत. लातूरच्या सुरात निर्दोष प्रमाण मराठी बोलता येते. विलासराव देशमुखांची भाषणे ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे पटेल. जिल्हा परिषदेच्या शाळांतले काही शिक्षक हे उपजत जाणतात. मूल 'डोया' म्हणाले की ते 'डोया'ही फळ्यावर लिहितात, शेजारी 'डोळा' लिहितात आणि सांगतात, घरी हा, पुस्तकात हा. मुलाला दोन शब्द मिळतात आणि त्यातला कोणताही टाकावा लागत नाही. याला वेगळे अनुदान लागत नाही.

थोडे काम अभ्यासकांनीही केले आहे. ग्रीअर्सनच्या पाहणीचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणातला महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी २०१३ साली सिद्ध केला. पुण्याच्याच डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने गावोगाव फिरून बोलींचे सर्वेक्षण केले आहे, लोकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवले आहेत. म्हणजे सदाशिव पेठेपासून काही मैलांवर हिंगोलीच्या म्हातारीचा आवाज मोठ्या आस्थेने जपून ठेवला जातो आणि तिचा नातू सदाशिव पेठेत जिन्यात उभा राहून कुजबुजतो.

तो नातू दिवाळीला घरी जातो, तेव्हा त्याची दुसरी परीक्षा सुरू होते. दोन वर्षांत जिभेवर बसलेले 'आणि-पाणी' तिथेही बाहेर पडते आणि आते-मामे भावंडे फिदीफिदी हसतात, ''पुण्याचा झाला रे हा!'' आजी नुसती बघत राहते. मग तो तिथेही कमी बोलतो. गावात पुण्याचा, पुण्यात गावचा, असे त्याचे होऊन बसते.

यथावकाश तो परीक्षा पास होतो, नायब तहसीलदार होतो. समजा त्याची नेमणूक मराठवाड्यातच झाली आणि २०२५ च्या सप्टेंबरात झाली तशी अतिवृष्टी झाली. नदी शेतातून गेली, माती वाहून गेली, सोयाबीन कुजले. पंचनाम्यासाठी तो बांधावर उभा आहे. समोर त्याच्या आजोबांच्या वयाचा शेतकरी डोक्यावरची टोपी काढून, एकेक शब्द निवडून, जिभेला ताण देत सांगतो आहे, ''साहेब, पाणी... पाणी शिरलं...'' पुढे त्याला सांगायचे आहे ते कोणत्या धुऱ्यापासून कोणत्या विहिरीपर्यंत, किती हात माती गेली, खाली मुरूम लागला की खडक. त्याला ते आपल्या बोलीत एका दमात सांगता आले असते. साहेबालाही ते शब्द लहानपणापासून माहीत आहेत.